फुकटचे टोले

ताराचंदला गावातली माणसं तोंडावरून कमी आणि भांड्यांवरून जास्त ओळखू यायची. रस्त्यात कुणी नमस्कार केला की तो क्षणभर विचारात पडायचा. मग एकदम चेहरा उजळायचा. "हां हां! पितळेचा डबा, कडीवाला! झाकण बसते नं जी बरोबर?" बायकापोरांची चौकशी त्यानंतर.

नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या ओळीत एका दुकानाची पायरी हीच त्याची पेढी. मांडीखाली पोतं, पुढ्यात लाकडाचा ठोकळा, एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात बोटाएवढी हातोडी. दुकानातून नवं भांडं घेतलं की गिऱ्हाईक पायरीवर यायचं, नाव सांगायचं, आणि ताराचंद ते टिंबाटिंबानं भांड्यावर उमटवायचा. घराणं विणकरांचं, राहणं तांडापेठेत. सगळी आळी दिवसभर मागावर खटखट करायची. बाप लवकर गेला, माग विकावा लागला, म्हणून हा हातोडीकडे वळला. "खटखटीतून टकटकीत आलो, दुसरं काय," असं तो म्हणायचा.

स्वभावात एकच खोट होती. देव त्याला घडवताना 'नाही' हा शब्द तोंडात घालायचा विसरला होता. त्यात धंदा असा, की बघणाऱ्याला तो धंदाच वाटत नसे. शिंप्याला कापड तरी लागतं, हलवायाला साखर लागते. याला काय लागतं? "दोन टोले तर माराचे आहे गा," असं म्हणून लोक भांडं पुढं सरकवायचे आणि नाव टाकून झालं की त्याला पान खाऊ घालून जायचे. आयुष्यात ताराचंदनं इतकी पानं खाल्ली की त्याचे ओठ कायम लग्नघरातल्यासारखे दिसत.

तर त्या साली आमच्या विणकर समाजानं ठरवलं, की लग्नाकार्यासाठी समाजाची स्वतःची भांडी करायची. तोवर भांडी एका व्यापाऱ्याकडून भाड्यानं आणावी लागत, आणि परत देताना त्या माणसाला प्रत्येक भांड्यात नवा पोचा सापडत असे. पोचे जुनेच, पण त्याची दुःख करायची ताकद दांडगी. मारुतीच्या देवळात सभा भरली. समाजाचे पुढारी गणपतराव. डोक्याला काळी टोपी, हातात छत्री, आणि बोलणं असं, की समोरच्यानं काहीतरी दिल्याशिवाय ते संपत नसे. त्यांनी सांगितलं, ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणं यादीतलं एकेक भांडं द्यावं, देणाऱ्याचं नाव भांड्यावर राहील. नाव म्हटल्यावर सभा जरा सरळ बसली.

ताराचंदजवळ द्यायला भांडं नव्हतं. पण तो उभा राहिला. "नावं मी टाकून देतो," तो म्हणाला. "सगळी. मजुरी नको."

टाळ्या झाल्या. त्या विरायच्या आत त्यानं खाली बघत पुढचं म्हटलं, "फक्त एका भांड्यावर माह्या मायचं नाव टाकीन म्हणतो."

"एका भांड्यावर काहून गा?" गणपतराव छत्री उंचावत म्हणाले. "मोठ्या गंजावर टाकजो! माहा शब्द."

मोठा गंज म्हणजे सगळ्या पंगतींचं वरण एकदम शिजेल असं तांब्याचं भलंमोठं पातेलं. ताराचंदची आई रंभाबाई विधवा झाल्यावर घरोघर जाऊन मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. लग्नाच्या पंगतीत सगळ्यात शेवटी बसायची, उरलंसुरलं खाऊन उठायची. तिला जिवंतपणी कुणी रंभाबाई म्हटलं नाही. लहानपणी ती अमक्याची पोरगी होती, मग तमक्याची बायको, मग 'ताऱ्याची माय'. ती गेली तेव्हा खांदा द्यायला आलेल्या एकानं ताराचंदला विचारलं होतं, "तुह्या मायचं नाव काय होतं गा?" सगळ्या नागपूरची नावं भांड्यांवर टाकणाऱ्याला ते लागून राहिलं होतं. मायचं नाव लोकांनी वाचावं, एवढंच त्याला पाहिजे होतं.

आणि मग भांडी येऊ लागली.

पहिला आला रुपराव. त्यानं दिली होती वरणाची पळी. सिव्हिल लाइनीत लाटसाहेबांच्या हस्ते बसवलेल्या कोनशिला असतात, तसा मजकूर त्याला तिच्या दांड्यावर हवा होता. आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, मधे 'यांचे पुण्यस्मरणार्थ' आणि शेवटी 'सप्रेम भेट'.

"रुपराव, दांडा पुरत नाही."

"मंग मागच्या बाजूनं टाक नं. याले का पैसे पडून राहिले?"

हे मात्र खरं होतं. पैसे पडत असते तर रुपरावनं स्वतःच्या नावावर भागवलं असतं. फुकट म्हटल्यावर त्याला सगळे पूर्वज आठवले.

मग समाजाच्या भांड्यांच्या ढिगात घरची भांडी मिसळू लागली. यमुताईंनी आपली न्हाणीघरातली बादली आणून ठेवली. ताराचंदनं बिचकत विचारलं, "ही समाजाची आहे का जी?" तर म्हणाल्या, "मी समाजाची नाही का?" एकानं पिकदाणी आणली. एकानं शेजाऱ्याचा पाण्याचा गुंड आणला, त्यावरून दोघांचा वाद चालू होता आणि नाव पडलं की तो मिटेल असं त्याचं म्हणणं होतं. फुकटच्या कामाला टीकाकारही भरपूर. पैसे मोजणारं गिऱ्हाईक नाव बघून मुकाट्यानं जायचं. हे लोक भांडं उजेडात धरून एक डोळा मिटायचे. "रेघ जराशी उतरली नाही का गा डावीकडं?"

पायरीवरची खरी गिऱ्हाइकं वाट बघून बघून दुसऱ्याकडे जाऊ लागली. घरी जनाबाई, त्याची बायको, ताट वाढताना बोलायची.

"झाले का समाजाचे टोले?"

"होत आले वं."

"आपल्या घरच्या गंजावर बी टाका एखादं नाव. नाहीतरी त्याच्यात शिजवाले काई नाही."

ताराचंद हसायचा. कारण मोठा गंज अजून यायचा होता.

तो आला. दोघा माणसांनी बांबूला टांगून आणला. पायरीपुढं ठेवला तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबली. घासून लखलखीत, त्यात अख्खी इतवारी उलटी दिसत होती. ताराचंदनं त्याच्या पोटावरून हात फिरवला, खडूनं हलकी रेघ आखली, छिन्नी टेकवली. तेवढ्यात छत्री टेकत गणपतराव आले आणि त्यांनी प्रथम हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. गणपतराव हवेबद्दल बोलू लागले की समजावं, कुणाचं तरी काहीतरी जाणार.

"ऊन लय वाढून राहिलं, नाही? ... तर ताराचंद, ते भैयाजी आहेत नं."

भैयाजी म्हणजे उमरेडचे लुगड्यांचे व्यापारी. समाजातलं एकमेव मोटारवालं माणूस.

"त्याईनं गंजाची सगळी किंमत दिली. आता एवढं दिलं तर त्याईचं म्हणणं पडते, नाव आपलं असावं. पोटावर. मोठ्या अक्षरात, दुरून दिसलं पायजे."

"आन् माही माय?"

"अगा, मायचं नाव का गंजावरच राहते? मायचं नाव काळजात राहते!" गणपतरावांनी छत्री स्वतःच्या काळजावर ठेवली. "तुहं मन मोठं आहे, म्हणून तर तुले हक्कानं सांगून राहिलो. आजच टाकून दे."

ताराचंदनं छिन्नी खाली ठेवली. हातोडी खाली ठेवली. पोतं झटकलं, घडी करून काखेत मारलं.

"नाही," तो म्हणाला.

गणपतरावांना नीट ऐकू आलं नसावं, कारण ते हसतच होते. ताराचंद तांडापेठेच्या वाटेला लागला तेव्हा त्यांचं हसू उतरलं.

घरी येऊन तो ओसरीवर भिंतीला टेकून बसला. जनाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, तेव्हा त्यानं सांगितलं. "माह्यासारखा मूर्ख नाही वं. मले वाटे, मी देऊन राहिलो. ते तर घेऊन राहिले होते."

आता गंमत अशी, की अर्ध्या भांड्यांवर नावं पडायची होती, आणि समाजातल्या बाबारावांच्या पोरीचं, चंद्रकलेचं लग्न तोंडावर आलं होतं. समाजाच्या भांड्यांचं हे पहिलंच कार्य. आणि ज्यांची नावं पडली नव्हती ते भांडं घराबाहेर काढू देईनात. नाव नसलेला परातीएवढा कोपर पंगतीत गेला आणि लोकांनी तो रुपरावचा समजला तर? दान करायला कुणाची ना नव्हती, दान दुसऱ्याच्या नावावर जमा होण्याची धास्ती होती. दुसरा नाव टाकणारा शोधला, तर तो मजुरी मागू लागला. तेव्हा समाजाला ताराचंदची किंमत कळली, म्हणजे अगदी बाजारभावानं कळली.

गणपतराव आणि बाबाराव घरी आले. ताराचंद आत जाऊन बसला. जनाबाई दारात उभी राहिली.

"ताराचंद आहे का वं?"

"आहेत. पण मन मोठं झालं त्याईचं, दारातून निंघत नाही."

बाबाराव बिचारे घामाघूम झाले होते. "जनाबाई, पोरीचं लग्न आहे वं. तिनं काय केलं?"

"तिनं काई नाही केलं. ज्याईनं केलं त्याईनं बोलावं." तिनं गणपतरावांकडे पाहिलं. "माह्या सासूचं भांडं कोणतं, तेवढं सांगा."

गणपतरावांनी छत्रीच्या टोकानं अंगणात रेघा ओढत हिशेब केला. सगळी भांडी कुणाच्या ना कुणाच्या नावावर गेली होती. कोपर गेले, गुंड गेले, झाकणंसुद्धा गेली. राहिली होती एक तुपाची लोटी. तोटीवाली, ओंजळीत मावेल एवढी. ती कुणी घेतली नव्हती, कारण तिच्यावर एका पूर्वजाचीसुद्धा सोय होत नव्हती. "एक लोटी आहे," गणपतराव छत्रीकडे बघत म्हणाले.

"लोटी!" आतून ताराचंदचा आवाज आला. तो आवाज ऐकून बाबारावांनी मान खाली घातली. गंजाचा शब्द दिला होता आणि हातात लोटी येत होती.

थोड्या वेळानं ताराचंद बाहेर आला. डोळे लाल होते. "चंद्रकलेच्या कार्यात खोट नको," तो म्हणाला. "आणा भांडे."

त्यानं सगळी नावं टाकली. भैयाजींचं तर असं टाकलं, की तसं देखणं काम इतवारीत पुन्हा झालं नाही. टपोरी अक्षरं, गंजाच्या बरोबर पोटावर, सांगितल्याप्रमाणं. लोटीवर नुसतं 'रंभाबाई' टाकलं. तेवढंच बसलं.

लग्नाच्या दुपारी भैयाजी मोटारीतून उतरले ते स्वतःच्या व्याह्यांना घेऊन थेट स्वैपाकाच्या मांडवामागं. गंज दाखवायचा होता. चुलाणावर गंज होता, पण तांब्याचा वाटत नव्हता. काळाकुट्ट होता. स्वैपाकीण कौशल्या हातभर पळी घेऊन वरण हलवत होती.

"माहा गंज कुठं आहे वं?"

"हा काय जी."

"अन् नाव?"

"खाली असन." कौशल्यानं पळी न थांबवता सांगितलं. "चुलीवर चढवाच्या आधी बाहेरून राखमातीचा लेप नाही का देत? नाहीतर काजळी निंघते का?"

"अवं, पण नाव झाकलं नं सगळं!"

"मंग उद्या घासाले तुमी या. घासता घासता दिसन."

व्याही दुसरीकडे बघून हसले. गंज चुलीवरच चढणार आणि बाहेरून लिंपलाच जाणार, हे गावातल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. पण नावाच्या सभेत बायकांना विचारलं कुणी? ताराचंदला हे आधी ठाऊक होतं का, असं मी त्याला पुष्कळदा विचारलं. तो दर वेळी पान लावायला घ्यायचा.

पंगत बसली. मीही त्याच पंगतीत होतो, ताराचंद माझ्या उजव्या हाताला. भात पडला, त्यावर वरण पडलं, आणि आता सगळी पंगत ज्या एका गोष्टीसाठी थांबते ती यायची होती. वाढप्या तुपाची लोटी घेऊन पलीकडच्या टोकाला वाकला. वाकला की लोटी बरोबर जेवणाऱ्याच्या नाकासमोर येत होती, आणि तुपाकडे बघणार नाही असा माणूस पंगतीत बसतच नाही.

"रं-भा-बाई," पहिल्यानं मोठ्यानं वाचलं. "कोण गा ही?"

"ताऱ्याची माय नाही का! कांड्या भरे."

"रंभाबाई होय तिचं नाव? आण मंग अजून एकदा, रंभाबाई!"

झालं. तूप म्हणायचं लोक विसरूनच गेले. समोरच्या ओळीतून आवाज आला, "अगा, रंभाबाईले इकडं पाठवा!" कोपऱ्यातून एक म्हातारा ओरडला, "रंभाबाई आमच्याकडं आलीच नाही!" पंगतीच्या दोन्ही टोकांनी तिला बोलावणी येऊ लागली. बायकांच्या बाजूनं तर जनाबाईच्या नावानं हाक आली, "तुही सासू इकडं धाड वं लवकर!" वाढप्या हसत हसत धावत होता.

ताराचंद मान खाली घालून बसला होता. पुढ्यातल्या भातात त्यानं आळं केलं होतं आणि हात तसाच धरला होता.

वाढप्या आमच्यापाशी आला, वाकला. "घे ताराचंद, आली रंभाबाई."

तूप पडू लागलं. 'पुरे' म्हणायची वेळ आली, गेली. आळं भरलं, तूप ओघळून पत्रावळीच्या काठाला लागलं. वाढप्याही वेडा, तोटी वर करीना.

"अगा, आम्हाले ठेवा थोडी रंभाबाई!" मी म्हणालो.