वरून उघडं टोपडं

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. अशा माणसाकडे उपकार मानायला बरीच नावं असतात. शाळेतले गुरुजी असतात, वसतिगृहाचे सर असतात, स्वतःची शाळा सोडून शेतात राबलेला थोरला भाऊ असतो. तरी कोणी एकच नाव विचारलं, तर मी रोह्याच्या काकींचं घेईन. काकी म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. दारावरच्या पाटीवर त्यांच्या गेलेल्या यजमानांचं नाव होतं आणि सगळी आळी त्यांना काकीच म्हणायची. त्यांनी तुला काय दिलं, असं विचाराल तर सांगायला थोडा संकोच वाटतो. त्यांनी मला विणायला शिकवलं.

काकी आठवतात त्या पडवीतल्या खुर्चीवर. कोणी बाई आपलं विणकाम दाखवायला आली की काकी चष्मा कपाळावर चढवायच्या. बघायच्या बोटांनी. मग चुकलेली जागा सापडली की दोऱ्याचं टोक धरून सर्रकन ओढायच्या. रुमाल बघता बघता अर्धा व्हायचा.

"उसव गो. दोरा कुठं पळत नाय."

त्या बाईचा चेहरा पडायचा आणि काकींचा खुलायचा.

काकींचं माहेर पेणच्या खाडीकाठचं. घरचं मिठागर, आणि वडील फावल्या वेळात जाळी दुरुस्त करायचे. लहानपणी हातात आलेली पहिली सुई जाळ्याची, लाकडाची. क्रोशाची सुई नंतर आली, लग्न होऊन रोह्याला आल्यावर. लोकरीच्या दोन सुया त्याहून नंतर. "एकदा गाठ कळली की सगळं जाळंच हाय," असं त्या म्हणायच्या. मोजपट्टी त्यांनी कधी वापरली नाही. चार बोटं, एक वीत, यात सगळं बसायचं.

आता रोह्याला थंडी ती किती? पौषात कुंडलिकेवर सकाळी धुकं उतरतं, माणसं कानाला मफलर गुंडाळून फिरतात, आणि दहा वाजले की घाम पुसतात. काकी कटलरीच्या दुकानात लोकर घ्यायला गेल्या की दुकानदार विचारायचा, "काकी, रोह्यात स्वेटर कुणाला?"

"तुला. उन्हाळ्यात घाल, बारीक होशील."

मी धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत लागलो तेव्हा काकींच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. लग्नाला वर्ष झालं होतं. बायकोला दिवस गेले. गावाहून, गागोद्याच्या बाजूला आमचं गाव आहे, आई आली आणि तिने आपल्या जुन्या मऊ लुगड्याचं झबलं शिवलं. आमच्याकडे बाळ जन्माला येण्याआधी त्याचं काही करत नाहीत. आईलाही ते माहीत होतं. पण पहिलं नातवंड, तिला राहवलं नाही. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. कोणी कोणाला बोललं नाही. आईच एकदा चुलीपुढे स्वतःशी म्हणाली, "माझ्याच हातानं केलं."

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की हिने पडूनच राहायचं. जिना उतरायचा नाही, बादली उचलायची नाही. बायको पडून राहिली, भिंतीकडे तोंड करून. मी पहिली पाळी करून दुपारी घरी यायचो तर ताट झाकलेलं तसंच असायचं. ती फारसं बोलत नव्हती. बाळ हा शब्द तर घरात कोणी उच्चारतच नव्हतं. नववा महिना आपल्या घरात उजाडेल, असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं, आणि ते दोघांनीही एकमेकांपासून लपवलं होतं.

एक दिवस काकींनी मला पडवीत अडवलं.

"पोरगी दिवसभर करते काय?"

"पडून असते."

"हात पण पडून असतात?"

मी जिन्याकडे बघितलं.

अडचण अशी होती की काकींच्या गुडघ्यांना जिना चढवत नव्हता आणि बायकोला उतरायची बंदी होती. जिन्यातून ओरडून सांगावं तर काकींना ऐकायला कमी यायचं. काकींनी माझ्याकडे पाहिलं.

"बस इथं. तू शिक आणि वरती जाऊन शिकव."

"मी?"

"मग मांजराला शिकवू?"

तेव्हापासून दुपारी पाळी सुटली की मी पडवीत बसायचो. काकी समोर बसून मोड आलेले वाल सोलायच्या आणि मधूनमधून माझ्या हातावर टपली द्यायच्या. आधी नुसती साखळी. वीतभर साखळी झाली की उसव. मग क्रोशाचे टाके, आधी मुका खांब, मग खांब. मी बी.एस्सी.ला टायट्रेशन करताना हात कधी थरथरला नव्हता. इथे दोरा सुईच्या आकडीत अडकेना. ते काकींना फार आवडायचं. "कंपनीत पण असंच सांडतोस काय रे?"

एकदा कंपनीच्या बसमध्ये माझ्या खिशातून क्रोशाची सुई पडली. शेजारच्याने ती उचलून सगळ्या बसला दाखवली. "सायबांचं डोहाळजेवण हाय का?" मागून कोणी तरी ओरडलं, "ओटी कोण भरणार?" बस हसली, मीही हसलो. मग पुढे बसलेल्या वयस्क ऑपरेटरने मान न वळवता विचारलं, "तोरण विणायला येतं का रे? माझ्या मंडळीला शिकायचंय." मी म्हटलं, अजून साखळीवरच आहे.

वर जाऊन मी बायकोच्या मागे बसायचो. ती उशीला टेकलेली असायची. माझे हात तिच्या खांद्यांवरून पुढे यायचे आणि तिच्या डोळ्यांसमोर विणायचे. पहिले काही दिवस ती नुसती बघायची. खिडकीतून ऊन आत यायचं, भिंतीवर सरकत सरकत तिच्या पायांपाशी यायचं. खाली काकींच्या रेडिओचा आवाज. दोरा बोटावरून सरकतोय, सरकतोय, आणि आपण दोघं कुठल्या तरी संथ पाण्यात होडीत बसलोय, असं मला वाटायचं. बहुतेक मला डुलकी लागत असावी, कारण एका दुपारी जागा झालो तर सुई माझ्या हातात नव्हती. ती विणत होती.

तिचा पहिला रुमाल मी खाली नेला. काकींनी चष्मा कपाळावर चढवला, बोटं फिरवली, आणि त्यांचा हात थांबला.

"पोरगी डावरी हाय?"

"नाय काकी. मी डावरा आहे."

काकी समोर बसून शिकवायच्या, म्हणून मला ते आरशात बघितल्यासारखं सोपं गेलं होतं. बायकोने मात्र माझ्या हातांमागून बघून जसंच्या तसं उचललं. उजव्या हाताने भाकरी थापणारी बाई डाव्या हाताने विणायला शिकली होती. मला वाटलं आता दोऱ्याचं टोक ओढलं जाणार. काकी खूप वेळ हसल्या.

"नवऱ्याच्या हातानं विणणारी बाय मी पयल्यांदा बघितली. जा, वरती ने. हा उसवायचा नाय."

वर जाऊन मी हे सांगितलं तेव्हा बायको कितीतरी महिन्यांनी हसली. त्या संध्याकाळी तिने जेवताना विचारलं, "काकींना विचारा ना, कोपरा कसा वळवायचा?" तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण ती उद्याविषयी काहीतरी विचारत होती.

ताटावरचे रुमाल झाले, दाराला तोरण झालं. काकींनी लोकरीच्या दोन सुया वर पाठवल्या. सुलट-उलट टाके मी कसेबसे पोचवले. आणि एका दुपारी बायको खिडकीकडे बघत म्हणाली, "टोपडं करू का?"

मी खाली आलो. काकींना सांगितलं. त्यांनी वाल सोलायचे थांबवले. त्यांना आमचं आधीचं सगळं माहीत होतं.

"तिला करावंसं वाटतंय?"

"व्हय."

काकी उठल्या, कपाटातून पिवळ्या लोकरीचा गुंडा काढला. "करू दे. खालच्या काठापासून वर विणत जायचं. पण वरती बंद करायचं नाय. टाके दोऱ्यावर घेऊन ठेवायचे, उघडे. बंद कसं करतात ते मी आता सांगणारच नाय. बाळ आलं की सांगीन."

पिवळी लोकर घरात आल्यापासून खोलीचा रंगच बदलला. सकाळी नदीवरचं धुकं खिडकीपर्यंत यायचं आणि त्या पांढऱ्यात तिच्या मांडीवर तो पिवळा तुकडा असायचा. ती म्हणाली, तिला स्वप्न पडतं की सगळं गाव झोपलंय आणि कुठूनतरी एक लोकरीचा धागा नदीवरून येतोय, तिच्या बोटापर्यंत. पलीकडचं टोक कोण धरून आहे ते दिसत नाही. मी विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, नाही, धागा ताणलेला असतो.

टोपडं बोटभर उरलं असताना आई आली. पिशवीत वालाच्या शेंगा, तांदूळ, गूळ. चढून वर आली आणि तिची नजर उशीखालून डोकावणाऱ्या पिवळ्या लोकरीवर गेली.

"हे काय गो?"

बायकोचा चेहरा पांढरा पडला. आईने टोपडं उचललं नाही, त्याला हातही लावला नाही. ती तशीच जिना उतरली. मी मागे धावलो. आई रागावली होती असं मला वाटलं. खाली पडवीत तिचे ओठ कापताना दिसले तेव्हा कळलं, ती घाबरली होती.

"काकी, तुम्ही जाणत्या. तुम्ही हे करू दिलंत? आमच्या घरात आधी काय झालंय ते ठाऊक हाय ना?"

"काय करू दिलं?"

"टोपडं!"

"टोपडं कुठं हाय?" काकी शांतपणे म्हणाल्या. "वरती भोक हाय त्याला. डोकं झाकत नाय ते टोपडं कसलं? नुसती लोकर हाय ती."

मला वाटलं, आता आई चिडणार. पण आई शेतावरची बाई. देवाला आणि माणसाला दोघांनाही पटेल असा मार्ग कोणी दाखवला तर तो तिला लगेच कळतो. तिने जरा विचार केला.

"वरती भोक राहणार?"

"बाळ येईपर्यंत राहणार."

"नक्की?"

"बंद करायचं या घरात कुणाला येतच नाय, माझ्याशिवाय."

आईने पिशवी खाली ठेवली आणि काकींच्या समोर बसून वाल सोलायला घेतले. सोलता सोलता ती हळूच म्हणाली, "झबल्याचा पण एक हात शिवायचा ठेवला असता तर..." काकींनी तिच्या हातावर हात ठेवला. "त्यात शिलाईचा काय दोष नव्हता गो." टोपड्याच्या पुढच्या चार ओळी आईने विणल्या. तिचे टाके भाताच्या लावणीसारखे, एका रेषेत आणि घट्ट.

तेव्हा आई राहिली ती राहिलीच. काकी मात्र गेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणून लेक त्यांना सुरतेला घेऊन गेली. निघताना रिक्षात बसून त्यांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं. बायको खिडकीत उभी होती, हातात उघडं टोपडं. काकींनी रिक्षातूनच हवेत दोन बोटं फिरवून काहीतरी दाखवलं. बहुतेक "विणत राहा" असं. महिन्याभरात येतेच, असं त्या सांगून गेल्या.

त्यांच्यामागून थोड्याच दिवसांनी, वेळेच्या बऱ्याच आधी, बायकोला कळा सुरू झाल्या आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

काकी रोह्याला परत आल्या नाहीत. ऑपरेशन चांगलं झालं, त्या चालायलाही लागल्या, आणि मग एका सकाळी चहा घेता घेता गेल्या. फोनवर त्यांना काही ऐकू येत नसे, म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं होतं. ते त्यांना मिळालं. नातीने दोनदा वाचून दाखवलं, एका ठिकाणी आजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, असं तिने नंतर सांगितलं. शाळेत शिकवलं होतं तसं मी आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं होतं, म्हणून कच्चं माझ्याकडे राहिलं. ते असं आहे.

*

ती. काकींस शिरसाष्टांग नमस्कार.

मुलगी झाली. फार लहान आहे. डॉक्टरांनी तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बाहेर काढल्यावर नर्सबाई म्हणाल्या, हिचं डोकं गार पडता कामा नये, टोपडं आहे का? आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं. टोपडं पिशवीत होतं, पण बंद कसं करायचं ते आम्हां तिघांनाही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं की ते अजून पुरं झालेलं नाही, शिकवणाऱ्या बाई सुरतेला आहेत. नर्सबाई म्हणाल्या, बाळ काय सुरतेहून उत्तर येईपर्यंत थांबणार आहे? त्यांनी ते तसंच डोक्यावर चढवलं आणि वरचे उघडे टाके जखमेला बांधतात त्या पांढऱ्या पट्टीने शेंडीसारखे करकचून बांधले. काकी, तुम्ही हसाल, पण ती नारळासारखी दिसत होती. तशी ती आठ दिवस झोपली. आता दूध ओढते. रडते तर खाली तुमच्या पडवीपर्यंत ऐकू जातं. तुम्हालासुद्धा जाईल.

पट्टी अजून तशीच आहे. आई हात लावू देत नाही. म्हणते, काकींनी सांगितलंय, बाळ आलं की मी शिकवीन, तर त्या येऊन शिकवतील. बारसंही थांबवलं आहे. तोवर सगळे तिला नुसतं "पोरी" म्हणतात आणि ती त्या हाकेला वळून बघते.

गुडघा बरा झाला की या. जिना चढू नका. आता आम्हीच तिला खाली घेऊन येऊ.

आपला,
वरच्या मजल्यावरचा