दंडार नाक्यावर थांबली

"जा, हाकून आण त्यांना."

सर हे माईकवर बोलले. भरल्या मांडवात. पुढं क्लासची सगळी पोरं बसवलेली. पोरं खुर्च्या बडवून हसली. हाकून आणायचं होतं ते माझ्या बाला, माझ्या चुलत्यांना, आमच्या गावाच्या अख्ख्या दंडारीला, नाचणाऱ्या मेळ्याला.

भूकंपानंतरची ती वर्षं. लातूरच्या गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागत होत्या. डॉक्टर व्हायला पोरं लांबलांबून येत होती. मी किनवटच्या डोंगरातली, गोंडाची पोर. दहावीला मार्क चांगले पडले म्हणून सरांनी मला फी न घेता क्लासमध्ये बसवलं. आणि बसवलंय हे आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं. मी उभी राहायची, पाहुणा मान डोलवायचा, मी खाली बसायची. डॉक्टर व्हायचं होतं. गिळत होते.

त्या दिवाळीत सरांनी आदिवासी कला महोत्सव काढला. बांबूकामाचे स्टॉल, रंगीत मांडव, पहिल्या रांगेत साहेब लोक. नाचायला आमच्या गावाची दंडार. सरांचं बोलावणं गावात मीच सांगितलं होतं.

दिवाळीत आमच्याकडे दंडार गावोगाव जाते. ढोल, मोरपिसांचे टोप, अंगाला राख. पण बोलावलं म्हणून कोणी गावात घुसत नाही. दंडार शिवेवर थांबते. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन तिथं येतो, वडीलधाऱ्यांना छातीशी धरून भेट घेतो आणि मग ढोल वाजवत आत नेतो. यजमान आला नाही तर दंडार परत फिरते. बाला वाटलं, लातूरलाही हीच रीत असणार. एवढं मोठं गाव, एवढ्या मानानं बोलावलंय. म्हणून शहराच्या नाक्यावर त्यानं जीप थांबवली आणि सगळे उतरून रस्त्याच्या कडेला बसले. सरांचा माणूस सांगून आला, चला म्हणून. उठेनात. यजमान येऊ द्या म्हणाले. मांडवात याचाच हशा झाला.

सरांच्या कारकुनानं मला स्कूटरवर नाक्यावर नेलं. बा पंक्चरच्या दुकानासमोर बसला होता, टोप मांडीवर. मला बघून त्याचं तोंड फुललं. "तुझे सर येऊन राहिले ना, माय?" म्हणाला. आतून जळाले मी. कारकुनाला सांगितलं, सरांना या म्हणावं, तांब्या घेऊन. तो कपाळावर हात मारून गेला.

सर आले. तांब्या नव्हता. कडक इस्त्रीचा पांढरा सफारी, गाडीचं दार उघडंच ठेवलेलं. बा उठला आणि दोन्ही हात पसरून पुढं गेला.

सर मागं सरले.

माझ्याकडे बघून म्हणाले, "कपडे खराब होतील माझे. यांना सांग, नाटकं पुरे, गाडीत बसा. साहेब लोक ताटकळलेत."

बाचे हात तसेच राहिले. तेंदूची पानं तोडून काळे पडलेले हात. ते असे मोकळे, हवेत, मी कधी पाहिले नव्हते. मला रडू आलं नाही. संताप आला. इतक्या दिवसांचा गिळलेला सगळा.

"सर, दंडार येणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही बोलावलं, भेट तुम्ही घ्यायची."

सर जवळ आले. आवाज खाली आणला. "फुकट शिकवायलोय तुला. आज हे आले न्हाईत, तर उद्या क्लासची पायरी चढायची न्हाई. डॉक्टरकी विसरायची."

बा जवळच होता, आणि त्याला मराठी चांगलं कळतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, टोप उचलला आणि गाडीकडे निघाला. माझ्यासाठी. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात रीत मोडली नाही, तो माझ्या डॉक्टरकीसाठी मान खाली घालून त्या गाडीत बसणार होता. मी आडवी गेले. गाडीचं दार मी लावलं. धाडकन.

"विसरले," म्हणाले.

सर गेले. पंक्चरवाल्या चाचांकडे मी पाणी मागितलं. त्यांनी काही न विचारता स्वतःचा तांब्या घासून, भरून दिला. तो घेऊन मी बाला छातीशी धरलं, मग चुलत्यांना. माझा पांढरा कुर्ता राखेनं भरला. पोरीनं यजमान होऊन भेट घ्यावी, असं आमच्यातही कधी झालं नव्हतं. थोरला चुलता कुरकुरला, "पोरीनं घेतलेली भेट चालंल का?"

बा म्हणाला, "लातुरात आपलं घर हिचंच हाय."

आणि ढोल वाजला. नाक्यावरच. ट्रक थांबले, रस्ता तुंबला, लोक टपावर चढून बघायला लागले. तिकडे मांडवात साहेब लोक खुर्च्या धरून बसले असतील. बसोत.

त्याच जीपमधून मी गावी गेले. डॉक्टर झाले नाही. खंत आहे. नाही म्हणाले तर खोटं होईल. सरांचा क्लास मजल्यावर मजले चढवत गेला, त्यांचं काही बिघडलं नाही.

महोत्सव अजून भरतात. लातूरला, नांदेडला. बोलावणी आता माझ्याकडे येतात, गावानं ते काम माझ्यावर टाकलंय. जेवायला काय लागेल, गाडी केवढी पाठवू, लोक फोनवर विचारतात. मी विचारते, शिवेवर भेटीला कोण येणार? काहीजण हसतात. कोणी हसलं, की मी फोन ठेवते. मंत्री येवो नाहीतर टीव्हीवाले येवोत. ज्याला आमच्या माणसाला छातीशी धरता येत नाही, त्याच्या मांडवात आमचा ढोल वाजणार नाही.