तीन पिना आणि एक पदवीधर

पत्रकार परिषदांमध्ये हयात गेली. कोणता मंत्री काय बोलला ते आता आठवत नाही. माईक कुठे बंद पडला तेवढं मात्र पाठ आहे. यातले बहुतेक किस्से बुधवार पेठेतल्या आगाशांच्या दुकानात जाऊन पोचतात. आगाशे माईक भाड्याने देत आणि दुरुस्तही करत. मी तिथे रोज वाद घालायला जात असे.

*

दुकानात पाटी होती : 'घरी जोडून पाहिले असल्यास आधी कबूल करावे.'

एकदा एक प्राध्यापक कॉलेजचा माईक घेऊन आले. "अहो, आपोआप बंद पडला."

आगाशांनी केबलच्या टोकाचा कनेक्टर उघडला. आत तारा सेलोटेपने चिकटवलेल्या.

"ही टेपपण आपोआप लागली का?"

*

आयटी कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. एका उद्घाटनात भारी परदेशी माईक खरखर करू लागला. मॅनेजर म्हणाला, "सिस्टीम रीस्टार्ट करतोय."

आगाशांनी कनेक्टरचं टोपण फिरवून काढलं. केबल पकडून ठेवणारी क्लिप कुणी आवळलीच नव्हती. ओढ बसून बसून तार सुटत आली होती.

"इथे इंजिनिअर कोण आहे?"

"सगळेच."

"मग एकाला स्क्रू ड्रायव्हर देऊन ठेवा."

*

आगाशे येईल त्याला ऐकवत : कनेक्टरच्या पहिल्या पिनेला जाळीची तार, दुसरीला लाल, तिसरीला पांढरी. "लाल-पांढरी उलटी झाली तर एकटा माईक नीट चालतो, कुणाला पत्ता लागत नाही. दुसरा शेजारी ठेवा, की दोघं एकमेकांचा आवाज खातात."

"म्हणजे आमचे दोन उपसंपादक," मी म्हणालो.

एका दुपारी दुकानात गर्दी होती. मी म्हटलं, "द्या इकडे. फिजिक्सचा पदवीधर आहे मी. तीन तारा काय जोडायच्या?" जोडल्या. पाहतो तर टोपण टेबलावरच. ते आधी केबलवर ओवायचं असतं. सगळं सोडवून पुन्हा सोल्डरिंग केलं. 'हॅलो' म्हटलं, आवाज आला.

आगाशांनी तपासायला मीटर उचलला.

"विश्वास नाही का?"

त्यांनी मीटर खाली ठेवला. पहिल्यांदाच.

*

पुढच्याच आठवड्यात शहरालगतच्या एका गावात आयटी पार्कच्या जमिनीची सुनावणी होती. माईक आगाशांचे. अधिकाऱ्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "टेपवर येईल तोच आक्षेप धरला जाईल." त्यांच्या टेबलावर एक माईक, गावकऱ्यांसाठी स्टँडवर दोन, शेजारी शेजारी. कंपनीचा माणूस टेबलावरून खणखणीत बोलला.

मग हिराबाई उठल्या. वय सत्तरच्या पुढे, जमीन एकटीच्या नावावर. त्या जीव तोडून बोलत होत्या आणि कर्ण्यातून डासाएवढा आवाज येत होता.

"टेपवर काही येत नाहीये. पुढचे कोण?" अधिकारी म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी उठलो. मुस्कटदाबी, लोकशाही, उद्याचं पहिलं पान, सगळं काढलं. कंपनीच्या माणसाचा आवाज येतो आणि शेतकऱ्याचाच कसा जातो, हे मी अधिकाऱ्यांना तीनदा विचारलं.

तोवर आगाशे निमूटपणे स्टँडपाशी गेले. एका माईकचा कनेक्टर उपसला. उरलेल्या माईकवर टिचकी मारली. ती मंडपभर घुमली. काढलेला कनेक्टर उघडून त्यांनी आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"कुणी जोडलंय ते?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझ्या दुकानातलं काम आहे, साहेब. मीटर लावायचा राहिला."

मी उभाच होतो.

"बोला आजी, पहिल्यापासून," आगाशे म्हणाले.

हिराबाईंनी पदर खोचला आणि माईक जवळ ओढला.

"बोलते की. पर आदी ह्या सायबास्नी खाली बसवा. मगाधरनं ह्येच बोलत्यात."