दात शाबूत हवेत

अमरावतीला भाषाशास्त्रात एम.ए. करत होतो तेव्हा राजापेठेतले माझे घरमालक दर रविवारी विचारायचे, "हे झाल्यावर मानूस काय बनते?" मला माहीत नव्हतं, आणि आमच्या विभागालाही नक्की माहीत नसावं. (आज मी अकोल्याच्या एका कॉलेजात तेच शिकवतो, म्हणजे प्रश्न पुढच्या पिढीकडे ढकलतो.) पण शेवटच्या वर्षी वऱ्हाडी बोलीवर लघुप्रबंध लिहायचा होता, आणि वऱ्हाडी तर मी पाळण्यापासून ऐकलेली. घरचाच पेपर, असं समजून मी निवांत होतो.

मग सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, एक फॉर्म हातात दिला. ज्याच्या तोंडून बोली नोंदवायची, तो माणूस कसा हवा, ते त्यात होतं. वय साठीच्या पुढे, गाव कधी न सोडलेला, आणि दात शाबूत. दात नसले की उच्चार बिघडतात म्हणे. आमच्याकडे तंबाखू खाऊन साठीपर्यंत दात कोणाचे टिकतात, हे फॉर्म करणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. सर स्वतः कवळी लावून ध्वनिविचार शिकवायचे, पण त्यांना फॉर्म लागू नव्हता.

वलगावला माझी आत्या राहते. तिथेच जन्मली, तिथेच दिली. एका वाक्यात ती सुनेची, सरपंचाची आणि हवामान खात्याची खरडपट्टी काढते. मी मोबाइल समोर ठेवला, आणि सासरी पहिल्याच दिवशी वरणात दोनदा मीठ कसं पडलं, यावर ती तासभर बोलली. मग मी तिला तिचाच आवाज ऐकवला. आधी पदर तोंडाला लावून हसली, मग एकदम गंभीर झाली.

"बाबू, हे तुह्या पुस्तकात येईन?"

"येईल ना."

"मंग बायाईले सांगू?"

"सांग की," मी म्हणालो. संध्याकाळपर्यंत तिने बसस्टँडवरसुद्धा सांगून टाकलं होतं.

सरांनी एक मिनिट ऐकलं. "दात?"

"दोन आहेत, सर."

"मग बाद."

सगळ्या गावाला तिचं बोलणं कळतं, असं मी म्हणून पाहिलं. "गावाला कळणं हा निकष नाही," सर म्हणाले. मी भांडायला हवं होतं. पण महिनाभरात प्रबंध द्यायचा होता आणि गुण सरांच्या हातात होते, म्हणून मी मुकाट्याने शेपूट घातलं.

मग परतवाड्याच्या बाजारात बैल बघतात तसा मी वलगावभर म्हाताऱ्यांची तोंडं बघत फिरलो. शेवटी एक निवृत्त गुरुजी सापडले. दात अख्खे, आणि गावातून बदली कधी होऊ दिली नव्हती. पोरांच्या तोंडून वऱ्हाडी काढून टाकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. मोबाइल पाहताच त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "आम्ही प्रातःकाळी शेताकडे प्रस्थान करीत असू."

"काय स्वच्छ उच्चार!" ते ऐकून सर म्हणाले. वऱ्हाडी कुठे आहे, असं मी विचारलं, तर त्यांनी 'प्रमाणभाषेचा प्रभाव' असं एक जादा प्रकरण लिहायला लावलं. मला पहिला वर्ग मिळाला.

प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन वलगावला गेलो, तर आत्याने शेजारच्या चारपाच बाया बोलावून ठेवल्या होत्या. "माह्यं वाच," ती म्हणाली. तिचं नाव होतं, पण ऋणनिर्देशात, शेवटच्या ओळीत: चहापाण्याची सोय केल्याबद्दल. ते वाचायची माझी हिंमत झाली नाही. मी मधलं एक पान उघडलं आणि गुरुजींचं प्रस्थान तिचं म्हणून वाचून दाखवलं.

आत्याने हात करून मला थांबवलं.

"हे मी नाई बोलली, बाबू. असं तं आपल्यात कोनीच नाई बोलत."

मी घाईने पान उलटलं. तिनेच माझी सोडवणूक करायला मोबाइलकडे बोट केलं. "जाऊ दे पुस्तक. त्याच्यातलं माह्यं बोलनं ऐकव बायाईले."

गुरुजींसाठी मोबाइलमध्ये जागा करताना मी ते कधीच पुसून टाकलं होतं. तसं सांगितलं. आत्याने पुस्तक मिटलं, पदराने पुसलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"बरं, बस," ती उठत म्हणाली. "चाहा पिऊन जाय."