साताऱ्याची माती

नया बाजारातला तो घड्याळजी डोळ्यावरचं भिंग न काढताच बोलायचा. एक यान लघुग्रहावर उतरून तिथली मूठभर माती घेऊन परतलं, ही बातमी त्यानं मला मोबाइलवर दाखवली.

"साहेब, इतक्या दुरून वापस आलं! आमचे पणजोबा साताऱ्याहून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले, मग कोणी परत गेलंच नाही. तुम्ही लग्नाला चाललात ना तिकडे? चिमूटभर माती आणाल?"

लग्नाच्या गडबडीत मी विसरलो. लाजेपोटी इथल्याच जयेंद्रगंजातल्या आमच्या घरच्या कुंडीतली माती पुडीत बांधून दिली.

त्यानं ती भिंगातून बराच वेळ निरखली, कपाळाला लावली. म्हणाला, "अगदी इथल्यासारखीच आहे हो! मला उगाच इतकी वर्षं इथं परकं वाटत होतं."

माझं घड्याळ कधीचं बंद पडलंय. त्याच्याकडे नेववत नाही.