लिंडनची स्वस्त तिकिटं

ऑस्ट्रेलियातल्या वडोंग्यात कुणाला परदेशी जायचं असलं की लोक आधी लिंडन पॅस्कोला विचारायचे आणि दहा मिनिटांनी विचारल्याचा पश्चात्ताप करायचे. लिंडन तिकीट सांगत नसे, तिकिटाचं शास्त्र सांगत असे. सोमवारी बघायचं नाही, सोमवारी कंपन्या माजात असतात. मंगळवारी दुपारनंतर बघायचं. एकाच फोनवरून दोनदा बघायचं नाही, नाहीतर त्यांना कळतं की गिऱ्हाईक गळाला लागलंय. मेलबर्नहून थेट तर कधीच जायचं नाही. थेट जाणारे म्हणजे पैसा वर आलेले लोक. हे सगळं तो फुटबॉल क्लबच्या शेगडीपाशी उभा राहून, चिमट्यात सॉसेज धरून सांगायचा. त्या नादात सॉसेज करपायचं आणि करपलेलं ऐकणाऱ्याच्या पावात जायचं.

माणूस वाईट होता असं नाही हं. नदीपलीकडे ऑल्बरीत टायरच्या दुकानात वीस वर्षं नोकरी. दुसऱ्याने बसवलेल्या चाकाचा नटसुद्धा हाताने तपासून बघायचा. शेजारची बाई आजारी पडली तेव्हा तिचं गवत दोन महिने यानेच कापलं. पण महाग तिकीट घेणं म्हणजे त्याच्या लेखी फसणं, आणि फसून जग बघण्यापेक्षा न फसता घरी बसणं त्याला जास्त प्रिय होतं.

आता असल्या माणसाच्या पदरी बायको पडावी हॉलंडची! आनेके तिचं नाव. पंधरा वर्षांपूर्वी पाठीवर पिशवी टाकून फळं तोडायच्या हंगामी कामाला आली, ती इथलीच झाली. शिक्षिका. दोन पोरं, बारा वर्षांची टिली आणि नऊ वर्षांचा ब्राम. आई मात्र तिकडे आसेन गावात एकटी. तिला सगळे ओमाच म्हणत, म्हणजे आजी. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ओमाला सांगितलं की नजर जाणार. एकदम नाही, मधोमध डाग पडत पडत.

ओमा रडणारी बाई नव्हती. तिने फोनवर सरळ सांगितलं, "पोरांना एकदा समोर आणून उभं करा. फोनवर त्यांची तोंडं मला नखाएवढी दिसतात. उशीर केलात तर मला नुसते आवाज भेटतील."

"आणतोच," लिंडन म्हणाला. मनापासून म्हणाला. आणि कामाला लागला.

अडचण अशी की पोरं शाळेत आणि आई शाळेत शिकवणारी. जायचं तर शाळेच्या सुट्टीतच. आणि शाळेच्या सुट्टीत अख्खं राज्य विमानतळावर लोटतं, हे विमान कंपन्यांना लिंडनच्या आधीपासून माहीत आहे. एरवी हजार डॉलरांत जाणारा माणूस तेव्हा अडीच हजारांत जातो आणि वर खिडकीचे वेगळे देतो. बाकीचे लोक शिव्या घालतात आणि पैसे भरतात. लिंडनने शिव्या तेवढ्या घातल्या.

पहिल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत जायचं ठरलं. आनेके म्हणाली, "घे ना रे."

"थांब. मंगळवारी उतरेल."

मंगळवारी भाव चढला. पुढच्या मंगळवारी आणखी चढला. नाताळ घरीच झाला.

दुसऱ्या वर्षी तेल महागलं, मग कुठलासा संप झाला, मग लिंडनचं गणित असं निघालं की सप्टेंबरमध्ये स्वस्त पडेल. सप्टेंबरमध्ये गणित म्हणालं, एप्रिल. आनेके चिडली की तो शांतपणे सांगायचा, "तू भावनेच्या भरात बोलतेस. त्यांना नेमकं तेच हवं असतं."

"कुणाला?"

"कंपन्यांना."

"माझ्या आईला काय हवंय, ते विचारलंस कधी?"

"आईसाठीच तर चाललंय हे सगळं!" आणि पुन्हा मान खाली. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्याच्या लॅपटॉपचा. टिली काही सांगायला आली की हात वर करायचा, "एक मिनिट, मस्कत उघडतंय." ब्राम तर समजून चुकला होता की बापाशी बोलायचं तर गावाच्या नावाने सुरुवात करावी. "डॅड, कोलंबोहून स्वस्त आहे का?" एवढं म्हटलं की बाप लगेच मान वर करायचा.

तिसऱ्या वर्षी ओमाचा उजवा डोळा गेला. डाव्यावर भागवू म्हणाली.

आणि एप्रिलमधल्या एका पहाटे पाच वाजता लिंडनला घबाड मिळालं. चार तिकिटं, जूनअखेरची सुट्टी आणि भाव असा की त्याने डोळे चोळून तीनदा वाचला. मेलबर्नहून क्वालालंपूर, तिथून मस्कत, तिथून इस्तंबूल, तिथून जर्मनीतलं एक विमानतळ, पुढे आगगाडी. एकूण एकेचाळीस तास. पैसे परत नाहीत, तारीख बदल नाही, नावात बदल नाही. त्याने बायकोला उठवलंसुद्धा नाही, दाबून टाकलं बटण. म्हटलं, रविवारी जेवताना सांगू.

रविवारी मेंढीचा मोठा तुकडा भट्टीत भाजला, बटाटे भाजले. जेवण वाढून झाल्यावर लिंडनने घडी घातलेला कागद आनेकेच्या ताटाशी ठेवला. "वाच."

आनेकेने उलगडला. 'आसेन' वाचलं आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. उठून त्याला मिठी मारली. पोरं ओरडायला लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात लिंडनच्या शहाणपणाचं कुणी कौतुक केलं, आणि गडी फुलला. "सांगत होतो की नाही? धीर धरायला लागतो!"

आनेके डोळे पुसून परत वाचायला बसली. मग तिची मान तिथेच थांबली.

"लिंडन, हे अठ्ठावीस जून आहे."

"शुक्रवार. पोरांची शाळा सुटली की थेट गाडीत."

"परत चौदा जुलैला."

"बरोब्बर दोन आठवडे. एक दिवस वाया नाही."

"माझी शाळा पाच जुलैला सुटते."

वडोंगा आणि ऑल्बरी म्हणायला दोन गावं, मधे मरे नावाची नदी आणि एक पूल. पण नदीच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरं. अलीकडची शाळा जूनच्या शेवटी सुटते, पलीकडची आठवड्याने. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आनेके इतकी वर्षं अलीकडच्या शाळेत होती. जानेवारीत पलीकडच्या शाळेत लागली. तिच्या पुस्तकांची खोकी पुलावरून गाडीत घालून कुणी नेली? लिंडनने. आणि तिकीट काढताना बघितलं काय, तर फ्रिजवर लावलेलं पोरांच्या शाळेचं वेळापत्रक. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही. जिच्या आईला भेटायला जायचं, तिलाच वगळून या पठ्ठ्याने सुट्टी काढली होती.

"एक आठवडा रजा टाक ना," लिंडन म्हणाला. आवाज जरा बारीक झाला होता.

"सुट्टीला चिकटून रजा देत नाहीत."

"मग आजारी पड."

"तिसरीच्या पोरांना मी खोटं बोलू नका म्हणून शिकवते, लिंडन. आणि ऑल्बरीतली निम्मी माणसं तुझ्याकडून टायर घेतात. तू विमानतळावर गेल्याचं त्यांना कळणार नाही?"

ब्राम हळूच म्हणाला, "ममा, मग तू येणार नाहीस?"

सोमवारी आनेकेने मुख्याध्यापिकेला विचारलं. ती बाई भली होती, पण म्हणाली, "जो तो सुट्टीला आठवडा जोडायला लागला तर वर्गात मी एकटी उरेन. नाही जमणार." लिंडनने विमान कंपनीला फोन लावला. दोन तास बाजा ऐकला. शेवटी एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली की तारीख बदलता येत नाही, पण नवीन तिकीट आनंदाने देऊ.

आणि मंगळवारी संध्याकाळी आनेके स्वयंपाकघरात आली तर हा पुन्हा लॅपटॉप उघडून बसलेला.

"काय करतोयस?"

"तुझं एकटीचं सहा जुलैचं बघतोय. आज जरा जास्त आहे. आठ दिवस थांबू. पुढच्या मंगळवारी—"

आनेकेने लॅपटॉप मिटला. त्याची बोटं आत होती, तरी मिटला.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "तीन वर्षं मी तुझे मंगळवार मोजतेय. एकटी तर मी कधीच गेले असते. पोरांना घेऊन जायचं म्हणून थांबले, तुझ्या तोंडाकडे बघून थांबले. तुला माझ्या आईला भेटायचंच नाहीये रे. तुला विमान कंपनीला हरवायचंय."

"असं काय बोलतेस? मी तुमच्यासाठीच—"

"गप्प बस. मेहेरबानी करून गप्प बस."

दुसऱ्या दिवशी तिने मुख्याध्यापिकेला आईच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं. बाई म्हणाली, "हे आधी का नाही बोललीस? सुट्टीला चिकटून नको. मेमध्ये तीन आठवडे घे, बिनपगारी, आणि जा." शाळा सुटल्यावर आनेके रस्त्यावरच्या तिकिटाच्या दुकानात शिरली आणि पंधरा मिनिटांत आपलं एकटीचं तिकीट घेऊन बाहेर आली; पोरांची जूनची होतीच. मधे एकच थांबा. जेवण, बॅग, सगळं धरून किंमत लिंडनच्या एका स्वस्त तिकिटाच्या निम्मी.

लिंडनने ते तिकीट उलटसुलट करून बघितलं. "मेमध्ये... म्हणजे शाळा चालू असताना... तेव्हा स्वस्त असणारच," तो पुटपुटला. असणारच की! सुट्टीतला स्वस्त दिवस शोधण्यात या माणसाने तीन वर्षं घालवली आणि असा दिवस नसतो एवढंच काय ते त्याला उमगलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा आसेनहून फोन आला. हसत होती आणि रडतही होती. "आईने दारातच मला उजेडात ओढलं. म्हणाली, अगं, केस पांढरे झाले की तुझे! दिसलं तिला, लिंडन! मान वाकडी करून बघते, पण दिसतं."

"छान," लिंडन म्हणाला. "विमानात जेवण दिलं का?"

तिकडून फोन ठेवला गेला.

आनेके परत आली, शाळेत रुजू झाली. आणि जूनच्या मध्यावर ओमाच्या डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं. दवाखान्यात सुया टोचल्या, पण काही उपयोग झाला नाही. आता उजेड आणि सावली, बस्स. आनेकेने हे लिंडनला भांडी घासता घासता सांगितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो रात्रभर कूस बदलत राहिला. तीन वर्षांतला कुठलाही एक मंगळवार सोडून दिला असता तर ओमाला पोरांची तोंडं दिसली असती, हे त्याला लख्ख कळलं होतं.

अठ्ठावीस जूनला बाप आणि दोन पोरं निघाली. चौथी खुर्ची रिकामी. त्यावर ब्रामने पाय टाकले. मस्कतला नऊ तास फरशीवर झोपून काढले, इस्तंबूलला टिलीला उलट्या झाल्या. "डॅड, हे स्वस्त का होतं ते कळलं मला," एवढंच ती म्हणाली. जर्मनीत आगगाडी चुकली. आसेनला पोचले तेव्हा तिघांच्याही अंगाला बोकडासारखा वास येत होता.

ओमा दारात उभी होती. आत नेलं, कॉफी दिली, पोरांना दूध दिलं. प्रत्येकाला एकेक बिस्कीट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. तिकडची रीतच ती. मग खुर्चीत बसून म्हणाली, "कोण कुठे आहे?"

"मी इथे, ओमा," ब्राम म्हणाला. तिने आवाजाच्या दिशेने मान फिरवली, वाकडी केली, सरळ केली. मग राहू दिली.

"आवाज भरदार आहे," ती म्हणाली. "टिली?"

"इथे."

ओमाने टिलीचा हात धरला आणि तोंड लिंडनकडे केलं. "जावईबापू, मला दिसत नाही. तुम्हीच सांगा आता. माझी नात दिसते कशी?"

लिंडनने घसा साफ केला. "चांगली दिसते. उंच आहे."

"ते हातावरून कळलं. चेहरा सांगा."

"चेहरा... म्हणजे आनेकेसारखाच. केस तपकिरी. डोळे... डोळे पण तपकिरीच..."

"हिरवे," टिली म्हणाली.

लिंडन मुलीकडे बघत राहिला. हिरवेच होते की. गाल लाल झाले होते आणि खालचा ओठ तिने दाताखाली धरला होता, रडू येऊ नये म्हणून.

"मला रागावता येत नाही तुमच्यावर," ओमा म्हणाली, "पोरं घेऊन आलात. पण मला नात बघायची आहे आणि माझ्याकडे आता तुमचेच डोळे आहेत. बारा दिवस आहेत. आधी नीट बघून घ्या, मग सांगा."

लिंडन उठला. त्याने टिलीला खिडकीशी उजेडात उभं केलं आणि समोर खुर्ची ओढून बसला. "डॅड, नको ना," ती म्हणाली, पण जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने त्याने भुवयांपासून सांगायला सुरुवात केली.