मुरुमाखाली ओरडणारा पक्षी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. शहापूरला ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, सुट्टीत पक्षी बघते. तरी हे लिहितेय... कारण राग अजून उतरलेला नाही.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना सापगावच्या पुढे, रस्त्याच्या खाली आमच्या सुमनकाकूचं भातशेत आहे. त्याला लागून शेजाऱ्याची गवताळ पाणथळ होती. होती!

गेल्या भादव्यात भर दुपारी काकू तिथे गवत कापत होती. "अगो, इकडं ये, ह्ये काय बघ!" तिच्या पायाशी चिमणीएवढा पक्षी. काळपट अंग, त्यावर पांढरे ठिपके, लाल डोळे. पळेना. मी पटापट फोटो काढले, तेव्हा कुठे तो बारीक, ताणलेली शीळ घालून गवतात शिरला.

घरी पुस्तकं धुंडाळली. जुळला तो एकच — दक्षिण अमेरिकेतल्या ओल्या गवताळ रानांतला, तिथल्या लोकांनाही क्वचित दिसणारा. तो इथे येणं शक्यच नाही! पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले, तर एका साहेबांनी लिहिलं, "मॅडम, नेटवरचे फोटो चोरू नका." फोटोत काकूचा विळा, हिरव्या बांगड्या स्पष्ट दिसताहेत, तरी! "या, स्वतः बघा," म्हटलं. कुणी फिरकलं नाही.

तेवढ्यात शेजाऱ्याने पाणथळ प्लॉटिंगला विकली. डंपर आले. काकू आडवी उभी राहिली. "आत पाखरू हाय रे, जरा थांबा!"

"आजी, पाखरांना पंख असतात," प्लॉटवाल्यांचा एजंट हसला. मी भांडले, ओरडले... आमच्या डोळ्यांदेखत मुरूम ओतला, वर रोलर फिरवला.

दुसऱ्या दुपारी रोलरवाल्याने इंजिन बंद केलं. "मॅडम, खालून कोण ओरडतंय?"

तीच शीळ. एजंटचाही चेहरा उतरला. त्याने जेसीबीने तिथेच खणायला लावलं. चिखल, चेंगरलेलं गवत, बाकी काही नाही. आणि आम्ही खड्ड्यात वाकून बघत असताना ती शीळ आली, आमच्या पायांखालून.

"मी नाय करत हे काम," म्हणून रोलरवाला उतरला आणि निघून गेला. एजंटने दुसरा आणला.

आता तिथे कंपाउंड आहे. काकूला शीळ अजून ऐकू येते. मलाही येते. पक्षी आला कुठून, हे मला सगळे खोदून खोदून विचारतात. पाणथळ गेली कुठे, हे त्या एजंटला एकानेही विचारलेलं नाही.